मरीन ड्राइव्हवरचा एअर शो: बघणाऱ्यांचे आणि फोटो काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२४ मध्ये १२ ते १४ तारखेला भारतीय हवाई दलानं राज्य सरकारच्या सोबतीनं मरीन ड्राइव्हवर प्रात्यक्षिकं केली. रोज दुपारी १२ ते १. सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं, सारंग पथकाची हेलिकॉप्टरं, आकाशगंगा पथकाचे पॅराशूटनं उतरणारे जवान, सुखोई-३० लढाऊ विमान, सी-१३० मालवाहू विमान. तेव्हापासून कुठेही असा कार्यक्रम जाहीर झाला की तेच प्रश्न पुन्हा येतात: कुठे उभं राहू, कोणती लेन्स घेऊ, पोरांना नेऊ का, आणि पुढच्या वेळी हे जरा बरं करता येणार नाही का? उत्तरं मुंबई डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. जिथे दुसऱ्या शहराचा अनुभव कामाचा आहे तिथे तोही घेतला आहे. वैमानिकांना सुचवण्यासारखं आपल्याकडे काही नाही. जमिनीवरच्या व्यवस्थेबद्दल मात्र पुष्कळ आहे.

मरीन ड्राइव्हवर नेमकं कुठे उभं राहायचं?

जमेल तितकं दक्षिणेला. नरिमन पॉइंटच्या टोकापासून चर्चगेटसमोरच्या कट्ट्यापर्यंतचा पट्टा सगळ्यांत चांगला, आणि त्याचं कारण ऊन. जानेवारीच्या मध्यात मुंबईत सूर्य माथ्यावर येतच नाही. पावणेएकच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो आणि क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर. नरिमन पॉइंटला उभं राहून वायव्येकडे, म्हणजे मलबार हिलच्या दिशेनं तोंड केलं, की ऊन डाव्या खांद्यामागून येतं आणि विमानाच्या अंगावर पडतं. पंखांवरचा रंग दिसतो, धुराचा रंग दिसतो, कॉकपिटच्या काचेआडचं हेल्मेटसुद्धा दिसतं.

गिरगाव चौपाटीवर नेमकं उलटं. तिथे किनारा वळलेला आहे, समुद्र नैर्ऋत्येला आणि दक्षिणेला येतो, त्यामुळे सूर्य थेट समोर. विमान म्हणजे काळा ठिपका. बसायला वाळू आहे, भेळ आहे, पोरांना मोकळं सोडता येतं, म्हणून नुसतं बघायला जाणाऱ्या कुटुंबाला चौपाटी वाईट नाही. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यानं तिकडे फिरकू नये. मलबार हिलवरच्या कमला नेहरू पार्कातून अख्खी किनारपट्टी दिसते हे खरं, पण तिथून तोंड आग्नेयेला होतं. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन डोळ्यांवरच. इमारतींच्या रांगेवरून जाणाऱ्या ताफ्याची सावली-आकृती हवी असेल तरच तिथे जावं.

दुपारी १२ ची वेळ बरोबर आहे का?

माझ्या मते नाही. एकच बदल मागायचा झाला तर मी वेळ मागेन, कारण त्याला पैसा लागत नाही.

मरीन ड्राइव्हचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी १० वाजता जानेवारीतला सूर्य आग्नेयेला, साधारण ३२ अंशांवर असतो. म्हणजे कट्ट्यावर बसलेल्या जवळपास प्रत्येकाच्या पाठीशी. उजेड तिरपा असल्यामुळे विमानाचं पोटही उजळतं. भर दुपारी ते नेमकं काळं पडतं, आणि वळण घेताना पोटच तर आपल्याकडे असतं. दुसरं कारण वाऱ्याचं. हिवाळ्यात सकाळी मुंबईत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपारच्या सुमारास तो फिरतो आणि समुद्राकडून आत येऊ लागतो. सकाळी सोडलेला धूर समुद्रावर निघून जातो. दुपारी तोच धूर गर्दीच्या दिशेनं सरकतो आणि पुढच्या कसरतीवर पडदा धरतो.

विरुद्ध बाजूही सांगायला हवी. जानेवारीत मुंबईची सकाळ धुरकट असते आणि ८-९ वाजता दूरचं काही धड दिसत नाही. म्हणून ‘पहाटे ठेवा’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. १० ते साडेअकरा हा मधला मार्ग. कामाच्या दिवशी ती वेळ अडचणीची आहे हे मान्य, पण शनिवारी-रविवारी काय हरकत आहे?

हाच हिशेब चेन्नईला लावला तर उत्तर उलटं येतं. मरिना बीचचं तोंड पूर्वेला आहे, तिथे ऊन पाठीशी येतं ते दुपारनंतर. ६ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दल दिनानिमित्तचा कार्यक्रम तिथे सकाळी ११ ते दुपारी १ ठेवला होता. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्या वेळी चेन्नईत सूर्य ७० अंशांच्या आसपास, जवळजवळ डोक्यावर. वाळूवर सावलीचा पत्ता नाही. साडेतीन-चारला सुरू केला असता तर फोटोही चांगले आले असते आणि माणसांचे हालही कमी झाले असते. किनारा कुठल्या दिशेला आहे ते बघून घड्याळ लावायचं, इतकं हे सोपं आहे.

चेन्नईत माणसं दगावली ना? मुंबईत तसं होऊ शकतं का?

हो, त्या दिवशी पाच जणांचा मृत्यू झाला आणि कित्येकांना चक्कर, उष्माघातासारख्या त्रासानं रुग्णालयात न्यावं लागलं. गर्दी लाखांच्या घरात होती. जानेवारीतली मुंबई ऑक्टोबरमधल्या चेन्नईइतकी तापत नाही, आणि मरीन ड्राइव्हच्या मागेच इमारती, रस्ते, स्टेशनं आहेत. तरी काँक्रीटच्या कट्ट्यावर दोन-तीन तास उन्हात बसून राहणं हे ज्येष्ठांना आणि लहानांना सोपं नाही.

अशा ठिकाणी त्रास बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर होतो. लोक जागा धरायला तीन तास आधी येतात. पाण्याची बाटली तपासणीत काढून घेतली जाते, आत पाणी मिळत नाही. मग शेवटचं विमान गेलं की सगळे एकाच क्षणी उठतात. त्यामुळे मागण्या साध्या आहेत. पिण्याच्या पाण्याचे टँकर इमारतींच्या बाजूच्या फुटपाथवर, ठरावीक अंतरावर आणि लांबून दिसतील असे. रिकामी बाटली आत नेऊ द्यायची. प्रथमोपचाराच्या जागेवर उंच झेंडा, कारण गर्दीत तंबू दिसत नाही, झेंडा दिसतो. आणि फिरती शौचालयं, त्यात बायकांसाठी जास्त. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बायका पाणी मिळत नाही म्हणून तशा बसत नाहीत, शौचालय नसतं म्हणून बसतात.

परत जाताना चेंगराचेंगरीची भीती वाटते. काय करता येईल?

भीती खोटी नाही. ४ जुलै २०२४ ला टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या संघाच्या मिरवणुकीला याच रस्त्यावर जी गर्दी उसळली ती सगळ्यांनी पाहिली. काहींना इजा झाली, काहींचा श्वास कोंडला. त्या संध्याकाळी रस्त्यावर चपलांचा खच पडला होता.

आपल्या बाजूनं: उठायची घाई करू नका, अर्धा तास कट्ट्यावरच बसून राहा. चर्चगेटकडे सगळा लोंढा जातो, म्हणून मरीन लाइन्स किंवा चर्नी रोड गाठा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे, त्यामुळे नरिमन पॉइंटवाल्यांना विधान भवन स्टेशन हा नवा रस्ता मिळाला आहे.

आयोजकांच्या बाजूनं: कार्यक्रम एका झटक्यात संपवू नये. मोठी प्रात्यक्षिकं झाली की हवाई दलाचा बँड वाजवावा, एअर वॉरियर ड्रिल टीमच्या संचलनाला तेव्हा वेळ द्यावा. काही लोक निघतील, काही थांबतील, लोंढ्याचे तुकडे पडतील. रविवार असेल तर पश्चिम रेल्वेनं त्या दिवशी दुरुस्तीसाठी गाड्या बंद ठेवणारा ब्लॉक घेऊ नये. ही गोष्ट सांगावी लागू नये, पण मुंबईत सांगून ठेवलेली बरी. आणि २०२४ च्या जानेवारीत नसलेली एक भर आता पडली आहे: कोस्टल रोड. तो त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झाला आणि त्याची वाहनं प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलाजवळ मरीन ड्राइव्हवरच उतरतात. बोगद्यातून बाहेर आलेला गाडीवाला वर विमान दिसलं की ब्रेक मारणार, हे गृहीत धरून ती वाहतूक आधीच दुसरीकडे वळवायला हवी.

विमानं इतकी लांब का उडवतात? जवळून नेली तर किती मजा येईल!

येईल, आणि अशाच मजेची किंमत जगात मोजून झाली आहे. २८ ऑगस्ट १९८८ ला पश्चिम जर्मनीतल्या रामश्टाइनच्या तळावर इटलीच्या पथकाची विमानं हवेत आपटली, एक जळतं विमान प्रेक्षकांत घुसलं. ७० जण गेले. २७ जुलै २००२ ला युक्रेनमधल्या लविवजवळ एक सुखोई-२७ थेट गर्दीत कोसळलं, ७७ मृत्यू. म्हणून आज बहुतेक देशांत कसरतीची रेषा गर्दीपासून ठरावीक अंतरावर असते आणि कसरत करणाऱ्या विमानाचा रोख गर्दीकडे येऊ देत नाहीत. अमेरिकेत वेगवान लढाऊ विमानांसाठी हे अंतर १५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर. हळू चालणाऱ्यांसाठी १००० आणि ५०० फूट.

२२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमधल्या शोरहॅमचा अपघात आणखी वेगळं शिकवतो. तिथे हॉकर हंटर विमान कोसळलं ते आवाराबाहेरच्या हमरस्त्यावर, आणि मेलेले अकराच्या अकरा जण बाहेरचे होते. आपण ‘प्रेक्षक’ म्हणतो ते फक्त दोरीच्या आतले. शहरात कार्यक्रम करताना दोरीबाहेरचा रस्ता, गच्ची, नाव, सगळं मोजावं लागतं. समुद्रावर कार्यक्रम करण्याचा मोठा फायदा हाच की खाली माणसं नसतात. तेवढ्याचसाठी मच्छीमार नौका आणि हौशी बोटी त्या तासाभरापुरत्या बाजूला ठेवल्या तर कुणी कुरकुर करू नये. ज्यांचा त्या दिवसाचा धंदा बुडतो त्यांना आधी कळवावं, एवढं मात्र हवं.

आपल्याकडेही जखमा ताज्या आहेत. १९ फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूजवळ येलहंक्याला सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये तेजस कोसळून विंग कमांडर नमांश स्याल गेले. तेव्हा ‘अजून जवळून’ ही मागणी करण्यापेक्षा मोठी लेन्स भाड्यानं घ्या.

मग लेन्स कोणती?

गणित करून बघू. सुखोई-३० सुमारे २२ मीटर लांब. ते ५०० मीटरवरून आडवं जात असेल आणि तुमच्याकडे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४०० मिमी लेन्स असेल, तर सेन्सरवर विमान साडेसतरा मिमी पडतं. सेन्सर ३६ मिमी रुंद, म्हणजे चौकटीचा निम्मा भाग भरला. उत्तम. तेच सूर्यकिरणचं हॉक साडेबारा मीटरच्या आत; ते पाव चौकटीपेक्षा जरासं जास्त भरेल. क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा असेल तर हेच आकडे साधारण दीडपट धरा, आणि म्हणूनच विमानांसाठी स्वस्तातला क्रॉप कॅमेरा मला कमी दर्जाचा वाटत नाही.

पण सूर्यकिरणची मजा एका विमानात नाही, नऊच्या रचनेत आहे. नऊ विमानं आणि मागचा धूर चौकटीत घ्यायचा तर ७०–२०० मिमीची झूम लेन्स पुरते. त्यामुळे एकच लेन्स न्यायची झाली तर १००–४०० किंवा त्यासारखी झूम न्या. १५०–६०० चांगली, पण तासभर हातात धरून वर रोखायची म्हणजे खांदा भरून येतो, आणि ताफा फुटून दोन विमानं समोरासमोर आली की इतक्या लांब लेन्समधून ती सापडतच नाहीत. आकाशगंगाच्या उड्यांसाठी तर साधी ७०–३०० सुद्धा छान.

कॅमेऱ्याची सेटिंग सांगा.

जेट विमानांना शटरचा वेग १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान. मी १/१६०० च्या आसपास राहतो. फोकस सतत चालणारा, फोटो सलग काढणारा मोड. आकाश उजळ असल्यामुळे कॅमेरा फसतो आणि विमान काळं काढतो, म्हणून एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). ढगाळ दिवशी आणखी.

हेलिकॉप्टरला आणि पंख्याच्या विमानाला हा नियम लावू नका. सारंगच्या ध्रुव हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला ३०० च्या आसपास फिरतो. १/१६०० ला काढलात तर पाती गोठतात आणि हेलिकॉप्टर बंद पडून हवेत टांगल्यासारखं दिसतं. १/१२५ ला तेच पातं सुमारे १५ अंश फिरतं आणि त्याची सुंदर पुसट रेघ येते. सी-१३०जे चे पंखे मिनिटाला हजारावर फिरतात, तिथे १/२५० चालतं. एवढ्या कमी वेगावर हात स्थिर राहत नाही म्हणून कंबरेतून वळत विमानाचा पाठलाग करायचा. पहिले पुष्कळ फोटो वाया जाणार. जाऊ द्या. ही सवय घराजवळ करता येते. जाणाऱ्या बसवर, रिक्षावर, मोटारसायकलवर करा.

सुखोई जोरात वळलं की पंखांवर पांढरी वाफ साचते. समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत ती भरपूर दिसते आणि कोरड्या दख्खनच्या पठारावरच्या कार्यक्रमांत नेहमी मिळत नाही. मुंबईच्या घामट हवेबद्दल चांगलं बोलण्याची संधी क्वचित येते, ही त्यातली एक. ताफ्याच्या मागे धावू नका. वळण सुरू होण्याच्या क्षणी तयार राहा.

आवाज ऐकून मान वळवतो, तोवर विमान गेलेलं असतं!

तसंच होणार. आवाज किलोमीटरभर यायला जवळजवळ तीन सेकंद घेतो. ताशी ८०० किलोमीटरनं जाणारं विमान तेवढ्यात साडेसहाशे मीटर पुढे गेलेलं असतं. आवाज येतो तिथे न बघता त्याच्या पुढे बघा. त्याहून बरं, क्षितिजाजवळ नजर ठेवा: समोरून येणारी विमानं आधी दिव्याच्या ठिपक्यासारखी दिसतात, धूर नंतर, आवाज सगळ्यांत शेवटी.

इथे निवेदकाची खरी गरज आहे. ‘आता येत आहेत भारतमातेचे शूर सुपुत्र’ हे ऐकायला कुणाचीच ना नाही, पण कोणत्या बाजूनं येत आहेत? ‘डावीकडून, एनसीपीएच्या बाजूनं, दहा सेकंदांत’ (एनसीपीए म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकावरचं नाट्यगृह) असं कुणी सांगितलं तर हजारो माना एकदम योग्य दिशेला वळतील. मुंबईतल्या कार्यक्रमात निवेदन हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही हवं, आणि त्या माणसाला मरीन ड्राइव्हच्या खुणा माहीत हव्यात. ध्वनिक्षेपक व्यासपीठाजवळच असतात, पुढे अर्धा किलोमीटर गेलं की नुसता गलका. एखाद्या एफएम केंद्रावरून तेच निवेदन सोडलं तर कुलाब्याच्या गच्चीवरचा माणूसही फोनवर ऐकेल.

कार्यक्रमाचा क्रम आधी छापणं सुरक्षेच्या दृष्टीनं नको असेल तर समजू शकतो. पण सुरू झाल्यावर ‘यानंतर सारंग’ एवढं सांगायला कसली अडचण?

फोटोग्राफरांसाठी वेगळी जागा असावी का?

असावी, आणि ती पुढे नसावी. आमच्यातल्या अनेकांना हे पटत नाही. पुढच्या ओळीत तिपाई, शिडी, भल्यामोठ्या पिशव्या आल्या की मागच्या दहा माणसांचं दिसणं जातं, भांडणं होतात, आणि चूक बहुतेक वेळा आपलीच असते. आकाशाचा फोटो काढायला पाण्याच्या काठावर असण्याची गरजही नाही. रस्ता बंदच केलेला असतो. नरिमन पॉइंटच्या बाजूला इमारतींलगत, गर्दीच्या मागे, तीन-चार पायऱ्यांचा लाकडी मंच बांधावा. आधी नोंदणी, थोडं शुल्क, ओळखपत्र, एकदाच तपासणी. शुल्कातून मंचाचा खर्च निघेल. नोंदणी फक्त वृत्तपत्रवाल्यांना नको, हौशी लोकांनाही खुली हवी; ‘प्रेस आहे का?’ या प्रश्नावर परत पाठवलेले कितीतरी चांगले फोटोग्राफर गिरगावात आणि डोंबिवलीत बसलेले आहेत.

मंच होईल तेव्हा होईल. तोवर तिपाई घरी ठेवा, ती इथे कामाचीही नाही.

टेट्रापॉडवर उतरून फोटो चांगले येतात का?

उतरू नका. लाटा अडवायला टाकलेल्या या काँक्रीटच्या ठोकळ्यांमधली खाच खोल असते, शेवाळ असतं, पाय अडकला तर काढायला अग्निशमन दलाला यावं लागतं. आणि तिथून आकाश कट्ट्यावरून दिसतं तेवढंच दिसतं.

ड्रोन उडवला तर चालेल?

नाही. पोलीस पकडतील ते सोडा, कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाच्या इंजिनात तो गेला तर काय होईल याचा विचार करा.

पक्ष्यांचा आणि याचा काय संबंध?

मोठा संबंध आहे. बंगळुरूला एरो इंडिया या विमानांच्या मेळ्याच्या काळात महापालिका येलहंक्याच्या तळाभोवती मांसविक्री बंद ठेवते, २०२३ मध्ये १० किलोमीटरच्या परिघात, २०२५ मध्ये १३. कारण उघड्यावरच्या मांसावर घारी येतात आणि घार इंजिनात गेली की विमान संकटात. मरीन ड्राइव्हला घारींइतकेच कुरव (सीगल) आहेत. हिवाळ्यात ते मोठ्या संख्येनं मुंबईत येतात आणि लोक त्यांना हौसेनं शेव-गाठ्या टाकतात, थवा हातभर अंतरावर घिरट्या घालतो, रील छान येते. कार्यक्रमाच्या आठवड्यात हे पूर्ण बंद हवं. गाठ्या विकणाऱ्यांना त्या दिवसांत हटवणं पुरेसं नाही. पक्ष्यांची सवय मोडायला काही दिवस आधीपासून सुरुवात करावी लागते. पाखरांचंही त्यात भलंच आहे. तळलेली शेव त्यांचं अन्न नव्हे.

फक्त मोबाइल आहे. काय काढू?

एकट्या विमानाच्या मागे लागू नका, निराशा होईल. मरीन ड्राइव्हचं वळण, कट्ट्यावरची गर्दी आणि वर धुराचे पट्टे, हे मोबाइलला छान जमतं. झूम न करता आडवा धरून व्हिडिओ काढा. आणि दहा मिनिटं फोन खिशात ठेवून नुसतं बघा. शेजारचा आपोआप तुमचा झूम न केलेला व्हिडिओ पाठवायला सांगेल, कारण त्याचा हललेला असतो.

लहान मुलाला न्यावं का?

तीन-चार वर्षांच्या पुढच्याला जरूर न्या, पण कानाला झाकणारे मफ घ्या. आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारी ज्वाला) लावलेल्या लढाऊ विमानाचा आवाज छातीत जाणवतो. नुसता कापूस पुरत नाही. तान्ह्या बाळाला नेऊ नका. टोपी न्या, छत्री नको, कारण मागच्याला दिसत नाही. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत नेटवर्क चालेलच असं नाही.

सराव बघता येतो का?

अशा कार्यक्रमांआधी सराव होतोच, आणि विमानं काही लपून उडत नाहीत. चेन्नईतही आधीचे काही दिवस लोक सराव बघायला किनाऱ्यावर जात होते. माझी सूचना अशी की सराव उघडपणे जाहीर करावा. इंग्लंडमधल्या फेअरफर्डच्या रॉयल इंटरनॅशनल एअर टॅटू या एअर शोला विमानं येण्याच्या आणि परतण्याच्या दिवसांची तिकिटंसुद्धा विकली जातात, कारण अनेक फोटोग्राफरांना मुख्य दिवसापेक्षा तेच दिवस जास्त आवडतात. आपल्याकडे सरावाचा दिवस फोटोग्राफर, शाळा आणि ज्येष्ठांसाठी ठेवला तर मुख्य दिवसाची गर्दी तेवढी हलकी होईल.

एरो इंडियाला जायचं आहे. तिथे वेगळं काय?

तो दर दोन वर्षांनी होणारा व्यापारी मेळा आहे, येलहंक्याच्या तळावर, १९९६ पासून. शेवटचे दोन दिवस सर्वसामान्यांसाठी असतात. तिकीट घेताना नीट वाचा: फक्त उड्डाणं बघण्याच्या जागेचं तिकीट वेगळं, त्यावर प्रदर्शनाच्या दालनांत जाता येत नाही. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, म्हणून ऊन पाठीशी हवं असेल तर उत्तरेकडे तोंड होईल अशी जागा शोधायची. २०२५ ला तिथे अमेरिकेचं एफ-३५ आणि रशियाचं सु-५७ एकाच वेळी आलं होतं, ते बघायला देशभरातून माणसं आली. गाडी घेऊन जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की २३ फेब्रुवारी २०१९ ला तिथल्या पार्किंगच्या वाळलेल्या गवतावर आग लागून सुमारे ३०० गाड्या जळाल्या. गवत कापलेलं नसेल तिथे गाडी लावू नका, गरम सायलेन्सर गवताला टेकेल अशी तर नाहीच.

पुण्याला लोहगावच्या भिंतीबाहेरून सुखोईचे फोटो काढले तर?

काढू नका. लोहगावला सुखोईंचा तळ आहे आणि विमानतळ त्याच धावपट्टीवर चालतो. तिथे फोटोग्राफीला बंदी आहे. विमानातून उतरताना खिडकीतून काढलेला फोटोसुद्धा अडचणीत आणू शकतो. म्हणूनच अधिकृत कार्यक्रम फोटोग्राफरांच्या दृष्टीनं इतका मोलाचा असतो, आणि तो नीट व्हावा म्हणून एवढा खटाटोप. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात सुखोई बनली, १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस मार्क-१ए चं तिथून पहिलं उड्डाणही झालं. महाराष्ट्रात बनणारी विमानं महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला उजळ माथ्यानं टिपता येतील असे दिवस वर्षातून एक-दोन तरी असावेत.

सूचना पाठवायच्या कुणाला?

हवाई दलाला सगळं लिहून उपयोग नाही. उड्डाणाची वेळ, क्रम, निवेदन हे त्यांच्याकडे. ते मुंबईतल्या संरक्षण खात्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याला लिहा. रस्ता बंद करणं, प्रवेश, तपासणी हे मुंबई पोलिसांकडे. पाणी, शौचालय, कचरा महापालिकेकडे, आणि मरीन ड्राइव्ह एका वॉर्डात बसत नाही: चर्चगेट-नरिमन पॉइंट ए वॉर्डात, गिरगाव चौपाटी डी वॉर्डात, मधला तुकडा सी मध्ये. एकाच वॉर्डाला पत्र गेलं की ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर ठरलेलं, म्हणून तिन्हींना प्रत टाका. कार्यक्रम झाल्यावर आठवड्याभरात लिहा, फोटो जोडा, आणि प्रत्येक पत्रात एकच मागणी ठेवा.